वारा पडलाय, तरी पवनचक्की का फिरतेय?

नमस्कार मंडळी! साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न येतोय: "वारा नाही, तरी फिरतेय. म्हणजे वीज देऊन फिरवतात ना?" नाही हो, अजिबात नाही!

वारा, पाती, जनरेटर हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. घोळ होतो तो इथे: फिरणं वेगळं आणि वीज देणं वेगळं.

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते. वारा निम्मा झाला की वीज निम्मी नाही, आठवा हिस्सा! सेकंदाला १२ मीटर वाऱ्यात २००० किलोवॅट देणारं यंत्र ६ मीटरला साधारण २५० देईल. ३ मीटरला जेमतेम ३०, आणि त्यातही गिअरबॉक्स, जनरेटर आपापला वाटा खाणार. म्हणून साधारण ३ ते ४ मीटरच्या खाली, म्हणजे ताशी ११ ते १४ किलोमीटरला, यंत्र ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडतच नाहीत.

अजून पटत नाही? सायकलचा डायनामो आठवा. हळू पायडल मारलं तर चाक फिरतं, दिवा मात्र मिणमिणतो.

एप्रिलमधल्या एका पहाटे मी पठारावर मनोऱ्याच्या बुडाशी उभी होते. ओढणीचं टोकसुद्धा हलत नव्हतं, पण वर पाती सावकाश फिरत होती. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला दोन फेरे. जमिनीवर वारा पडला तरी साठ-ऐंशी मीटर वर थोडा असतोच. तेवढ्याने पाती फिरतात, वीज होत नाही.

"मग ब्रेक लावून ठेवा की!" असंही एकाने लिहिलंय. अहो, एकाच जागी थांबलं की बेअरिंगच्या त्याच भागावर भार राहतो, वंगण पसरत नाही. मोकळं फिरू दिलेलंच बरं.

आता खरं ते सांगते: वारा नसताना यंत्र ग्रिडकडून थोडी वीज घेतं. पण ती पाती फिरवायला नाही, कंट्रोलर, पंप आणि डोकं (मनोऱ्याच्या टोकावरची जनरेटरची पेटी, पात्यांसकट) वळवणाऱ्या मोटरींसाठी.

त्या पहाटे त्याच मोटरींची घरघर ऐकू आली आणि वरचं अख्खं डोकं वळायला लागलं. वारा नसताना कशाला? तर वाऱ्याकडे तोंड करता करता डोकं एकाच दिशेने जास्त वळलं, की मनोऱ्यातून खाली येणाऱ्या केबलला पीळ बसतो. वारा पडला की यंत्र आपणहून उलटं वळून तो सोडवतं. माझ्यासमोर दोन पूर्ण वेढे उलगडले, मग घरघर थांबली.