फवारणीचं विष आणि फौजेची धुलाई पलटण

राम राम मंडळी, कपाशीची फवारणी चालू असेल तुमची, तर आज बोलू फौजेतल्या केमिकल डिफेन्स युनिटबद्दल, म्हंजे अशी पलटण की जिचं खरं काम गोळी झाडणं नाहीच, विष ओळखायचं आणि धुवून काढायचं.

आता म्हणाल आपला काय संबंध? आहे ना भो. जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा केमिस्ट पिकावरच्या किडी मारायचं औषध शोधत होता, त्यात 1936 ला टाबुन सापडलं आणि 1938 ला सारिन, दोन्ही माणसाच्या मज्जातंतूंवर घाला घालणारी जहरी विषं. आपण मावा-तुडतुड्यांवर जी ऑरगॅनोफॉस्फरसवाली औषधं मारतो ती ह्याच सारिनची भाऊबंद, जोर कमी एवढंच. ती अंगात भिनली की डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला फेस, दम लागतो, आणि सिव्हिलला नेलं की डॉक्टर अॅट्रोपिन हा उतारा देतात. सारिनवरही तेच अॅट्रोपिन.

विषारी गॅसची लढाई मोठ्या प्रमाणावर सुरू झाली पहिल्या महायुद्धात. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधे ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला, चार दिवसांनी तिथंच इंग्रजांच्या फौजेतली आपल्या हिंदी जवानांची लाहोर डिव्हिजन लढली, जमादार मीर दस्तला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि धड मास्क कुणाकडेच नव्हते, ओलं फडकं तोंडाला बांधायचं बस. सप्टेंबरात फ्रान्समधल्या लूसला इंग्रजांनी गॅस सोडला तर काही ठिकाणी तो वाऱ्याने त्यांच्याच अंगावर आला. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये हे आपल्याकडे पोरालाही कळतं, साहेबांना कोण सांगणार!

खरी परीक्षा मात्र युद्धात नाही, शहरात झाली. 20 मार्च 1995, टोकियो, सोमवारची गर्दी, ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी पाच मेट्रो गाड्यांत सारिनच्या पिशव्यांना छत्रीच्या टोकाने भोकं पाडली. जपानच्या फौजेची 101 नंबरची केमिकल पलटण रबरी सूट घालून खाली उतरली, आणि केलं काय तर डबे अन् प्लॅटफॉर्म धुतले. तिकडे हॉस्पिटलात पेशंटना कपड्यांसकट आत घेतलं, म्हणून डॉक्टर-नर्सलाही त्रास झाला. आपल्याकडे वेगळं काय होतं? फवारताना भोवळ आली की लिंबूपाणी पाजत बसतात आणि औषधाने भिजलेला सदरा तसाच अंगावर! आधी तो काढा ना, साबणाने आंघोळ घाला, मग गाडी बघा.

जपानच्याच फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हाही हीच मंडळी गेली, 14 मार्च 2011 च्या स्फोटात त्यांचे चार जण जखमी झाले.

आपल्याकडे फौजेला हे शिक्षण पुण्यात दापोडीच्या सीएमईत, म्हंजे लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजात मिळतं, आणि एनडीआरएफची, म्हंजे आपत्तीत धावून येणाऱ्या राष्ट्रीय दलाची, पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. पण तिथून आपल्या धुळ्याला यायला तास लागणारच की हो, आणि आग्रा रोडला, सुरत रोडला केमिकलचे टँकर रात्रंदिवस पळतात, शिरपूरजवळ वाघाडीला 2019 मधे केमिकल कारखान्यात स्फोट झाला ते तुम्हाला माहितीये. तर टँकर पलटला की व्हिडिओ काढायला जवळ जायचं नाही, धूर कुठं चाललाय बघायचं, वाऱ्याला आडवं निघायचं आणि 112 लावायचा. टँकरच्या पाटीवर चार आकडी नंबर असतो, लांबून दिसला तर तेवढा सांगा, त्यावरून आत काय भरलंय ते कळतं.

चला, आता कापसाचे बाजारभाव.