प्रश्न कोणी काढायचा?

पालकमंडळी, अकरावी-बारावीत पिळून निघालेलं मूल पुढे विद्यापीठात आपोआप टिकतं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. जेईईसाठी दोन वर्षं घासलेली मुलं गणितात पक्की असतात, त्यांच्या चिकाटीबद्दल प्रश्नच नाही. पण तिथे प्रश्न कायम दुसऱ्याने काढलेला असतो आणि त्याला उत्तर आहे याची खात्रीही असते.

आयबी डिप्लोमाकडे, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या अकरावी-बारावीच्या तोडीच्या अभ्यासक्रमाकडे, मी या बाजूने बघतो. आयबी ही १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेली संस्था. मुळशी तालुक्यातल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात हाच अभ्यासक्रम आहे. सहा विषय, त्यांतले किमान तीन वरच्या पातळीचे, एकूण गुण ४५. बाकी माहितीपत्रकात मिळेल. मला बोलायचंय ते यात प्रत्येकाला स्वतः प्रश्न काढून लिहाव्या लागणाऱ्या, ४००० शब्दांपर्यंतच्या निबंधावर.

समजा, मुलगी म्हणाली, ‘मी क जीवनसत्त्वावर लिहिते.’ तेवढ्यावर कोणी हो म्हणत नाही. कशातलं? काय बदलून बघणार? मोजणार कसं? असं करत ती एका प्रश्नापाशी येते: लिंबाचा रस वेगवेगळ्या तापमानाला तापवला, तर त्यातलं क जीवनसत्त्व किती घटतं? मग ब्युरेटमध्ये, म्हणजे द्रव मोजून थेंबथेंब सोडायच्या काचेच्या नळीत, आयोडीन, खाली रस आणि स्टार्च. निळा-काळा रंग टिकला की आकडा लिहायचा. तीन वेळा केलं आणि तिन्ही आकडे वेगळे आले, तर? आपल्याकडे ‘रीडिंग जुळवतात’, हे इथे बसलेल्या प्रत्येक सायन्सवाल्याला ठाऊक आहे. (हसू नका, मीही जुळवलीत.) इथे मात्र तो फरक का आला, याचाच विचार निबंधात लिहावा लागतो. रस गाळला नव्हता का? तापवल्यावर किती वेळ उघडा राहिला?

मार्गदर्शक शिक्षक पूर्ण मसुद्यावर एकदाच अभिप्राय देतात, वाक्यं दुरुस्त करून देत नाहीत. शब्द ४००० च्या पुढे गेले, तर परीक्षक तिथेच वाचन थांबवतो. शेवटी तोंडी मुलाखत होते, आणि निबंध तिने स्वतः केलाय की नाही ते तिथे कळतं. निबंधाला सर्वांत खालची श्रेणी मिळाली, तर बाकी विषयांत कितीही गुण असोत, डिप्लोमा मिळत नाही.

पदवीच्या प्रकल्पाला बसणारी मुलं मी बघतो. पहिला महिना ‘सर, विषय तुम्हीच द्या’ यात जातो. या मुलीचा तो महिना सतराव्या वर्षीच होऊन गेलेला असतो.

फीचं म्हणाल, तर आयबी शाळा बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, आणि घर गहाण टाकून तिथे घाला असं मी सांगणार नाही. ब्युरेट मात्र प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात आहे. तुमच्या मुलाच्या सरांना एवढंच विचारा: वर्षातलं एक प्रॅक्टिकल मुलांनी स्वतः ठरवलं आणि रीडिंग आली तशीच लिहिली, तर मार्क कापाल का?