मऊ चटई आणि रोबोचा हात

श्रोतेहो, नमस्कार. अमळनेर, चोपडा, शिरपूर, चाळीसगाव... कुठल्याही गावात विचारा, आय.टी.आय. करून पोरगा चाकणला नाहीतर वाळूजला गाड्यांच्या कंपनीत लागलेला असतोच. आणि घरच्यांना एकच घोर: रोबो आले, आता आपल्या पोराचं काय?

तर आधी एक किस्सा ऐका. अमेरिकेतल्या टेस्ला कंपनीने मॉडेल ३ ही गाडी होता होईल तो यंत्रांकडूनच बनवायची असं ठरवलं. बॅटरीच्या पेटीवर काचतंतूच्या मऊ चटया बसवायच्या होत्या. काम केवढं? चटई उचलायची, पेटीवर ठेवायची, चिकटवायची. त्यासाठी रोबो लावला, पण त्याला ती धड उचलताच येईना! पत्रा असता तर अचूक बसवला असता, कारण पत्रा दरवेळी तसाच येतो. चटई मात्र कधी दुमडते, कधी लोंबते, कधी सुटून पडते. रोबो अडला की लाइन उभी. शेवटी कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी विचारलं, ही चटई लावतोच कशाला? आगीची सुरक्षा बघणारे म्हणाले, आवाज कमी करायला. आवाजाचं काम बघणारे म्हणाले, आगीपासून बचावासाठी! मग एका गाडीत चटई ठेवून, दुसरीत काढून आवाज तपासला. फरक कळेना. चटई गेली, रोबोही गेला. एप्रिल २०१८ मध्ये मस्क यांनी जाहीरपणे मान्य केलं, की यंत्रांचा अतिरेक ही आपली चूक झाली, माणसाला कमी लेखलं जातं.

म्हणजे काय, तर कडक, एकसारखी वस्तू रोबोची. मऊ, वाकणारी वस्तू अजून माणसाची. पुन्हा सांगतो, मऊ वस्तू माणसाची. म्हणून वायरिंग हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरांचा जुडगा, दाराचं रबर, हे बसवायची कामं बहुतेक ठिकाणी आजही हातानेच होतात.

स्पॉट वेल्डिंग, म्हणजे करंटच्या उष्णतेने पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणं, मात्र रोबोकडे गेलं. एका गाडीच्या बॉडीला चार-पाच हजार टाके. जड गन धरून पोरांचे खांदे जायचे, ते सुटलं, चांगलंच झालं. पण टाके मारून मारून गनची तांब्याची टिप चपटी होते. तोंड पसरलं की तोच करंट जास्त जागेत वाटला जातो, उष्णता कमी पडते आणि टाका कच्चा राहतो. वरून काही दिसत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर टिप आणखी लवकर जाते. ती वेळेवर ड्रेस करणं, म्हणजे तासून पुन्हा आकारात आणणं, संपली की बदलणं, नमुन्याचा टाका छिन्नीने उघडून बघणं, हे जाणणारा माणूस लागतोच. पत्रा जागेवर आला का हे ओळखणाऱ्या सेन्सरवर वेल्डिंगचे शिंतोडे साचले, तर पत्रा नसतानाही तो ‘आहे’ म्हणतो. म्हणून वेल्डिंग शिकलेल्या पोराने वीज मोजायचा मल्टिमीटर धरायला आणि सेन्सरचे २४ व्होल्ट तपासायला शिकावं.

आणि हे कंपनीने पगारी वेळेत शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. कंत्राटातल्या पोराला काही महिन्यांनी ब्रेक द्यायचा, म्हणजे कामावरून काढायचं, आणि नवा आणायचा, यात हातातलं शिक्षण वाया जातं. आय.टी.आय.मध्येही वर्कशॉपचा तास कधी बुडू देऊ नये.

एक गोष्ट मात्र पोराला आज फोनवरच सांगा. रोबोच्या कुंपणात टिप बदलायला जाताना वीज आणि यंत्राची दाबाची हवा दोन्ही बंद करायची, त्या बंद खटक्यांना स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. थांबलेला रोबो बंद असतोच असं नाही, तो पुढच्या सिग्नलची वाट बघत असतो.