मत वाया जातं का हो?

नमस्कार मंडळी, चहा हातात असेल तर तसाच घेऊन बसा.

गेल्या आठवड्यापासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. जेवताना राजकारणावरून घरात वाद झाला आणि मुलगा म्हणाला, "आई, ग्रीनला मत म्हणजे मत वाया. एकटी बाई तिथे काय करणार?" पोराने आत्ताच पहिलं मतदान केलंय, आणि बोलणं पारावरच्या थकलेल्या काकांसारखं! मला फार लागलं ते.

ती एकटी बाई म्हणजे एलिझाबेथ मे, आपल्या इथल्या, कॅनडाच्या ग्रीन पक्षाची खासदार. सत्तरच्या दशकात पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटन बेटावर घरच्याच रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस होती. जंगलावर विमानातून कीटकनाशक फवारायचं ठरलं, तर हिने लोक जमवून ते थांबवलं. पुढे हे लोक तणनाशकाच्या फवारणीविरुद्ध कोर्टात गेले, केस हरले, त्यात तिच्या घरची जमीन गेली. वकील झाली, 1986 ला पर्यावरणमंत्र्यांची सल्लागार झाली, आणि 1988 मध्ये सस्कॅचवन प्रांतातल्या राफर्टी-अलामीडा धरणांना पर्यावरणाचा नीट अभ्यास न करताच परवाना दिला म्हणून सरळ राजीनामा! त्या वर्षांत तिकडे सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्या मणिबेली गावात काय चाललं होतं ते इथल्या धुळे-नंदुरबारवाल्यांना मी काय सांगणार.

2006 ला पक्षाची लीडर. 2008 ला टीव्ही डिबेटला बोलावणारच नव्हते, लोकांनी ओरडा केला तेव्हा घेतलं. त्या निवडणुकीत देशभर 9 लाखांवर मतं आणि सीट शून्य, म्हणजे मुलगा अगदीच चुकीचं बोलत नव्हता, इथली पद्धतच तशी आहे: भारतासारखीच, मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तोच निवडून, बाकीच्यांच्या मतांना सीट नाही. पण 2011 ला ब्रिटिश कोलंबियातल्या सानिच-गल्फ आयलंड्स मतदारसंघातून निवडून आली ती आजपर्यंत. आणि एकटी काय करते? आपण ट्रेलवरून आलो की पोरांच्या पायाला टिक (गोचीड) लागलीय का बघतो ना, तिच्या चाव्याने होणाऱ्या लाइम डिसीजसाठी राष्ट्रीय आराखडा करायला लावणारा 2014 चा कायदा हिच्या बिलातून झाला, सगळ्या पक्षांनी पाठिंबा दिला. 2018 ला तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध व्हँकुव्हरजवळच्या बर्नबीला उभी राहिली, खासदार असून अटक झाली, 1500 डॉलर दंड भरला.

रागावू नका, पण तिकडे महाराष्ट्रात कुठला आमदार कुठल्या गटात गेला ते आपल्याला तोंडपाठ असतं, व्हॉट्सअॅपवर रात्री दोनपर्यंत भांडतो. आणि इथल्या आपल्या रायडिंगचा (मतदारसंघाचा) खासदार कोण? हात वर करा बघू. मग पोरं म्हणणारच, मत वाया.

आता नोव्हेंबर 2025 चंच बघा. बजेट पास झालं 170 विरुद्ध 168 ने. हवामानबदलाच्या पॅरिस कराराची उद्दिष्टं पाळू, असं पंतप्रधान सभागृहात बोलले म्हणून हिने बाजूने मत दिलं. दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत तर अल्बर्टा प्रांताशी नव्या पाइपलाइनची वाट मोकळी करणारा करार झाला, आणि ते मत दिल्याचा पश्चात्ताप होतो असं तिला म्हणावं लागलं. हे मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, शेवटी वायाच गेलं ना?" आणि मला उत्तर सुचेना.

तिने सत्तरी ओलांडलीय, पुढच्या निवडणुकीत पक्षाची लीडर नसणार हे तिने सांगून टाकलंय. 343 जणांच्या सभागृहात आज त्या पक्षाची ती एकटीच आहे. उद्या आपल्यापैकी कुणाची मुलगी म्हणाली, मला हेच काम करायचंय, तर आपण तिला काय सांगणार आहोत?