वॉर्टहॉगच्या बिळात काय काय राहतं

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं.

वॉर्टहॉग, म्हणजे आफ्रिकेतलं एक रानडुक्कर, म्हटलं की आपल्याला ते तोंडावरचे चामखिळासारखे फुगवटे आणि शेपटी काठीसारखी ताठ उभी करून पळणं आठवतं, चरताना पुढचे पाय मुडपून चक्क गुडघे टेकल्यासारखं बसणंही (खरं तर ती मनगटं आहेत, तिथले घट्टे पिल्लू पोटात असतानाच तयार होतात), पण मला आज त्याच्या बिळाबद्दलच बोलायचंय. बीळ तो स्वतः फारसं खणत नाही. आर्डवार्क नावाचा वाळवी खाणारा प्राणी खणून निघून जातो आणि हे महाशय राहायला येतात, भाडं नाही, डिपॉझिट नाही. पिल्लं सरळ आत घुसतात, मोठा मात्र दाराशी गर्रकन वळून पाठमोरा शिरतो, म्हणजे सुळे बाहेरच्या बाजूला. बिबट्याने डोकावलं तर आधी सुळेच दिसणार.

आता त्या बिळाच्या भिंतीत गोचीड असतात, मऊ पाठीचे, रात्री येऊन रक्त पितात आणि मग कित्येक महिने उपाशी राहू शकतात. त्यांच्यात आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाचा व्हायरस असतो. हे गोचीड पिल्लांना पहिल्या काही आठवड्यांतच चावतात, थोडे दिवस पिल्लाच्या रक्तात व्हायरस असतो, तेवढ्यात दुसरे गोचीड तो उचलतात, पिल्लाला काही होत नाही, झालं. हजारो वर्षं हे असंच सुखाने चाललं होतं. मग केनियात गोऱ्या सेटलर लोकांनी युरोपातली डुकरं आणली आणि ती धडाधड मरायला लागली, १९२१ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापून आलं. माणसाला हा रोग होत नाही, पण पाळीव डुक्कर जवळजवळ वाचतच नाही.

पुढचं सगळं आपलं कर्तृत्व. १९५७ साली तो रोग पोर्तुगालमध्ये लिस्बनला पोचला, विमानातलं उष्टं तिथल्या डुकरांना घातलं म्हणून. २००७ जॉर्जिया (तो देश, अमेरिकेतलं राज्य नव्हे), २०१८ चीन, २०२० आपला आसाम. आसामात मानस अभयारण्याच्या गवतात पिग्मी हॉग राहतो, जगातलं सगळ्यात छोटं डुक्कर, उरलेत काही शेकडे, म्हणून तिथल्या लोकांची झोप उडाली. आणि नाव मात्र वॉर्टहॉगचं खराब! दक्षिण आफ्रिकेत तर उत्तरेकडच्या भागातून त्याला कुठे हलवायचं म्हणजे परवानग्यांचं लफडं. वॉर्टहॉग अजून बऱ्यापैकी आहे म्हणा, काळजी आफ्रिकेतल्या दाट जंगलातल्या डुकरांची जास्त, बुशपिग मक्यात घुसतो म्हणून मारतात, काँगोकडे रेड रिव्हर हॉगचं मटण बाजारात जातं.

कोणीतरी विचारलंय, गोचीड पकडतात कसे. साधं आहे हो. वॉर्टहॉग घरी नाही याची खात्री करायची (ही पायरी अजिबात गाळायची नाही), फावड्याने बिळातली माती ओढून उन्हात प्लास्टिकवर पसरायची आणि बसून राहायचं. आधी सगळे खडेच वाटतात. दहा मिनिटांनी त्यातले काही खडे चालायला लागतात.