वजनाचं इंजेक्शन बदलताना

नमस्कार श्रोतेहो.

नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात हल्ली शुगर-बीपीच्या जोडीनं एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, हे इंजेक्शन सोडून ते सुरू करू का?" हे आणि ते म्हणजे वजन कमी करण्याची इंजेक्शनं. टर्झेपॅटाइड मार्च 2025 मध्ये माउंजारो नावानं भारतात आलं, जूनमध्ये सेमाग्लुटाइड वेगोव्ही नावानं. दोन्ही आठवड्यातून एकदा, कातडीखाली टोचायची. बदलायची कारणंही ठरलेली. खर्च झेपत नाही, मळमळ थांबत नाही, नाहीतर काटा एका आकड्यावर अडून बसलाय. बदलायला माझी हरकत नसते. मला धास्ती असते ती मधल्या काही आठवड्यांची.

सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा घेतं, आणि जवळपास सगळं जायला पाचेक आठवडे. टर्झेपॅटाइड निम्मं व्हायला पाच दिवस. आता समजा, सोमवारी जुनं टोचलं आणि लवकर फरक दिसावा म्हणून गुरुवारी नवं. दोन्ही औषधं जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात. दोघांनी मिळून तेच काम केलं की खाल्लेलं तिथंच बसतं आणि उलट्या सुरू होतात. म्हणून जुन्याचा पुढचा डोस ज्या दिवशी यायचा, सहसा त्याच दिवशी त्याच्या जागी नवं सुरू करतात. उलट्या-जुलाब चालू असतील तर ते थांबेपर्यंत तेही नाही. दवाखान्यात येताना शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला आणि किती मिलिग्रॅमचं घेतलं, एवढं लिहून आणा. माझा निम्मा निर्णय त्यावरच होतो.

खरी ओढाताण होते ती डोसवर. महालातल्या एक काकू सेमाग्लुटाइडच्या 1.7 मिलिग्रॅमपर्यंत चढल्या होत्या. मला म्हणाल्या, "आता परत खालून कशाला जी? डायरेक्ट साडेसातचंच देऊन द्या ना!" पण एका औषधाचा मिलिग्रॅम दुसऱ्याच्या मिलिग्रॅमशी जुळत नाही. टर्झेपॅटाइडची सुरुवात 2.5 पासून, चार आठवड्यांनी 5, पुढची पायरी अंगाला सोसेल तशी. रुग्ण आधीपासून सरावलेला असेल तर काही डॉक्टर थोडी वरची पायरी धरतात, पण ते त्यांनी तपासून ठरवायचं, घरी बसून नव्हे. मध्ये महिनाभर खंड पडला असेल तर जुनं औषधही बहुधा पुन्हा खालूनच चढावं लागतं.

कुपीतून सिरिंजनं भरून घेणाऱ्यांनी तर फारच जपायचं. टर्झेपॅटाइडच्या 2.5 आणि 5 मिलिग्रॅमच्या दोन्ही कुप्यांत औषध अर्धाच मिलिलिटर असतं. सिरिंजवरची रेघ तीच आणि डोस दुप्पट! रेघ नंतर पाहा, आधी कुपीवरचा आकडा वाचा.

आणखी एक घोळ मी पाहतो. शुगरचे डॉक्टर रायबेलससची गोळी देतात, वजनाच्या क्लिनिकमधून वेगोव्ही मिळतं, आणि दोन्हींत सेमाग्लुटाइडच असतं. पण रुग्ण दोन्ही घेतोय हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं, कारण रुग्णानं सांगितलेलंच नसतं. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर बदलाच्या काळात साखर फार खाली जाऊ शकते. त्यांचे डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बहिणींनी टर्झेपॅटाइड सुरू केल्यावर चार आठवडे, आणि दर वेळी डोस वाढल्यावरही चार आठवडे, निरोधसारखं दुसरं साधन वापरायचं.

आता आपला उन्हाळा. घाई नसेल तर नवतपात, म्हणजे ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, औषध बदलूच नये, असं माझं मत आहे. पारा पंचेचाळिशीत, घामानं अंगातलं पाणी आधीच कमी, त्यात उलट्या-जुलाब लागले की किडनीवर ताण येतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर आणखीच. मळमळीत एकदम पेलाभर पाणी ढोसू नका. घोट घोट पाणी, आंबील, ताक चालेल. सावजी रस्सा मात्र महिनाभर लांबच ठेवा, रागावलात तरी चालेल. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन पाठीकडे जात असेल आणि थांबत नसेल तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका, सरळ दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज असू शकते.

पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं पेन फेकूनच द्यायचं. ही औषधं 30 अंशांखाली काही आठवडे बाहेर टिकतात असं खोक्यावर असतं खरं, पण मे महिन्यात कूलर लावूनही आपल्या घरात 30 कुठे असतं?

आणि बदल झाल्यावर जुन्या पेनात उरलेले डोस. "वाया कशाला घालवायचं" म्हणून ते जावेला, नणंदेला दिलं जातं. सुई नवी लावली तरी एकाचं पेन दुसऱ्याला द्यायचं नाही. रक्तातून होणारे आजार त्यातून जाऊ शकतात. आणि तिला थायरॉइडचा विशिष्ट कॅन्सर घराण्यात आहे का, ती मूल होण्याचा विचार करतेय का, हे त्या पेनाला कुठून कळणार? सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. उरलेलं पेन पुढच्या खेपेला माझ्याकडे घेऊन या, काय करायचं ते मी सांगेन.

नमस्कार.