आकडा तोच, आतला माल वेगळा

नमस्कार. 'तुमच्या सर्व्हरवर कोणतं व्हर्जन आहे?' ऑडिटला आलेली व्यक्ती हे विचारते, आपण एक आकडा सांगतो, ती लिहून घेते आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात मावत नाही. डिस्कवर काय ठेवलंय, मेमरीत काय चालू आहे आणि डेटाबेसच्या पोटात काय नोंदलं गेलंय, अशा तीन जागा आहेत. तिन्हीकडून वेगळं उत्तर येऊ शकतं.

'हार्टब्लीड' या सुरक्षा-त्रुटीचं उदाहरण घेऊ, कारण इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. ७ एप्रिल २०१४ ला ही त्रुटी जाहीर झाली. नेटवर्कवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफपर्यंत ती होती, १.०.१जीमध्ये दुरुस्त झाली. आता रेड हॅट कंपनीचं सर्व्हरसाठीचं लिनक्स, म्हणजे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६.५ बघा. त्यावर १.०.१ई होतं. दुरुस्ती बसवली, आणि नंतरही 'ओपनएसएसएल व्हर्जन' ही आज्ञा १.०.१ईच दाखवत राहिली. ज्यांनी फक्त हा आकडा पाहिला, त्यांना वाटलं पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, लागलाच नाही.

लागला होता. पॅकेजचं पूर्ण नाव वाचायला हवं: ओपनएसएसएल-१.०.१ई-१६.ईएल६_५.७. यातला १.०.१ई हा मूळ प्रकल्पाचा आकडा. त्यापुढचं सगळं रेड हॅटचं. १६ हा त्यांच्या बांधणीचा क्रमांक, 'ईएल६_५' म्हणजे ६.५ साठीची शाखा, आणि शेवटचा ७ हा त्या शाखेतल्या सुधारणेचा. शेवटी ४ असलेलं पॅकेज धोक्याचं होतं, ७ असलेलं सुरक्षित. सगळा फरक त्या शेवटच्या अंकात.

असं का करतात? एंटरप्राइझ ग्राहकाला पुरवठादाराचं वचन असतं, की तुमच्या पायाखालची जमीन हलवणार नाही. मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती दुरुस्तीबरोबर इतरही बदल आणते. म्हणून दुरुस्तीच्या तेवढ्याच ओळी उचलून जुन्या सोर्समध्ये बसवतात. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. आणि जुनं म्हणजे धोक्याचं असंही नाही: त्याच वेळी रेड हॅट ५ वरचं ०.९.८ई कितीतरी जुनं होतं, तरी हार्टब्लीडपासून मुक्त होतं. ज्या कोडमध्ये चूक होती, तो कोड त्यात मुळात नव्हताच.

बाहेरून स्कॅन करणारी साधनं बऱ्याचदा फक्त बॅनर, म्हणजे जोडणी करताना सर्व्हर स्वतःची जी ओळख सांगतो ती, वाचतात. रेड हॅट ८ चा सर्व्हर दुरून लॉगिन करण्याच्या प्रोग्रॅमसाठी बाहेर 'ओपनएसएसएच ८.०' सांगतो, आणि अहवालात लाल रंगाची रांग लागते. अशा वेळी वाद घालू नका, पुरावा द्या. 'आरपीएम' या रेड हॅटच्या पॅकेज-साधनाला 'क्यू' आणि 'चेंजलॉग' हे पर्याय देऊन पॅकेजचा इतिहास काढा आणि त्यात सीव्हीई, म्हणजे त्या त्रुटीचा जाहीर ओळख-क्रमांक, शोधा. हार्टब्लीडसाठी तो २०१४-०१६०. ओळ सापडली की ती अहवालाला जोडा. नाही सापडली, तर लगेच 'पॅच नाही' असा निष्कर्ष काढू नका. प्रत्येक नोंदीत सीव्हीई लिहिलेला असतोच असं नाही. पुरवठादाराच्या सुरक्षा-सूचनेत दुरुस्त पॅकेजचं पूर्ण नाव असतं, त्याच्याशी ताडून पाहा. शक्य असेल तर स्कॅनरला लॉगिन द्या, म्हणजे तो पॅकेजांची यादीच वाचेल.

पण हे झालं डिस्कचं. लायब्ररीची फाइल बदलली, तरी आधीपासून चालू असलेला वेबसर्व्हर जुनीच प्रत मेमरीत धरून बसतो. उघड्या फाइली दाखवणाऱ्या 'एलएसओएफ'च्या यादीत अशा काढून टाकलेल्या लायब्ररीपुढे 'डीईएल' दिसतं. 'नीड्स-रीस्टार्टिंग' ही आज्ञा थेट सांगते की कोणत्या प्रोसेस पुन्हा सुरू करायच्या राहिल्यात. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचंही तेच: 'आरपीएम' बसवलेली कर्नलं सांगतं, 'यूनेम -आर' चालू असलेलं. दोन्ही जुळत नसतील तर रीबूट बाकी आहे.

तिसरी जागा सगळ्यात जास्त विसरली जाते. ओरॅकल १९सी हा डेटाबेस घ्या. इथे दर तिमाहीला, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, रिलीज अपडेट, म्हणजे दुरुस्त्यांचा गठ्ठा, येतो आणि दुसरा आकडा एकाने वाढतो. एप्रिल २०१९ चा १९.३, जानेवारी २०२४ चा १९.२२. चालू डेटाबेसची माहिती देणाऱ्या 'व्ही-डॉलर-इन्स्टन्स'मध्ये 'व्हर्जन' हा कॉलम विचारला तर १९.०.०.०.० येतं, कितीही पॅच लावा. 'व्हर्जन_फुल' विचारा. 'ओपॅच' हे ओरॅकलचं पॅच बसवणारं साधन; त्याच्या 'ओपॅच एलएसपॅचेस' या आज्ञेत तर १९.२२.०.०.२४०११६ असं दिसतं, आणि शेवटचा भाग चक्क तारीख आहे: १६ जानेवारी २०२४.

आता मुख्य गोष्ट. 'ओपॅच' फक्त ओरॅकल होममधल्या, म्हणजे डिस्कवर ओरॅकल जिथे बसवलंय तिथल्या, फाइली बदलतो. डेटाबेसच्या आत जे पॅकेज आणि व्ह्यू बदलायचे, ते 'डेटापॅच' करतो, आणि तो डेटाबेस सुरू केल्यावर वेगळा चालवावा लागतो. तो राहून गेला, तरी 'व्हर्जन_फुल' नवाच आकडा दाखवतं! म्हणून डेटापॅचच्या नोंदी असलेला 'डीबीए_रजिस्ट्री_एसक्यूएलपॅच' उघडा आणि स्टेटसमध्ये 'सक्सेस' आहे का ते वाचा. 'विथ एरर्स' असेल तर लॉग बघा. डेटाबेस मल्टिटेनंट असेल, म्हणजे एका मोठ्या डेटाबेसात पीडीबी नावाचे अनेक छोटे डेटाबेस असतील, तर डेटापॅचआधी सगळे पीडीबी उघडा. बंद असलेला पीडीबी वगळला जातो आणि नंतर उघडताना तक्रार करतो. त्या तक्रारी 'पीडीबी_प्लग_इन_व्हायोलेशन्स'मध्ये सापडतात.

रिलीज अपडेट संचयी असतो, मधले लावत बसू नका. मात्र आधी लावलेला एखादा सुटा पॅच त्याच्याशी भांडू शकतो. त्यामुळे डाउनटाइम सुरू होण्याआधीच, चार दिवस हातात असताना, ओपॅचची संघर्ष-तपासणी चालवा. मध्यरात्री कळलं, तर नव्या अपडेटसाठीचा तोच सुटा पॅच मागवायला वेळ राहत नाही.

नोंदवहीत प्रत्येक सर्व्हरपुढे तीन रकाने ठेवा: बसवलेलं, चालू असलेलं, डेटाबेसमध्ये नोंदलेलं. आणि एक्सेलमध्ये ते रकाने आधी 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर १९.१० टाइप केलं की एक्सेल त्याला दशांश समजून १९.१ करतं, आणि क्रम लावला की जानेवारी २०२१ चा अपडेट १९.९ च्या वर, सगळ्यात जुना म्हणून जाऊन बसतो. टेक्स्ट केल्यावरही क्रम अक्षरांप्रमाणेच लागतो, म्हणून क्रम हवा असेल तर ठिपक्यावर तोडून दोन वेगळे रकाने करा, किंवा लिनक्सवर 'सॉर्ट'ला मोठ्या 'व्ही'चा पर्याय द्या.